मदत हवी आहे : मालकीचा साग तोडून विकायचाय, परवानगीचं कसं?

नमस्कार मंडळी. शाहूवाडी तालुक्यात आमची डोंगरउताराची जमीन आहे. बांधाला वडिलांनी लावलेला साग आता छातीच्या उंचीला कवेत मावत नाही. जोडीला ऐन-किंजळाची थोडी झाडं आणि कडेनं सुरूची झाडं.

टिंबर मार्केटातला एक व्यापारी येऊन कोयत्यानं दोन-तीन बुंध्यांची साल सोलून बघून गेला. म्हणतो, "उक्ता (न मापता एकरकमी) भाव देतो, परवानगीचं मी बघतो, तुम्ही फक्त कोऱ्या स्टॅम्पवर सह्या द्या." तिथंच माझा पाय अडला.

1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ तिन्ही आहेत. म्हणजे आधी परवानगी, तोडल्यावर वाहतूक पास, हे कळलं. पण सातबाऱ्यावर दोन आत्यांची नावं आहेत. त्यांची संमती साध्या कागदावर चालते की नोटरी लागते? हद्द वनखात्याला लागून आहे, तर आधी मोजणी करून घ्यावी का? सुरूलाही हेच सगळं करावं लागतं का? आणि सौदा उक्ता करावा की तोडून, मापून घनफुटावर? मला तर घनफूटच बरं वाटतंय.

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरीकडं कुणी अलीकडं मालकी तोड केली असेल तर सांगा राव.