पीडीएफ नोट्स फोन वाचून दाखवत नाही, मदत हवी आहे

शारदा_डिचोली: नववीला मराठी शिकवते. वर्गातल्या एका मुलीला अजिबात दिसत नाही. सगळ्यांना पाठवते त्याच व्याकरणाच्या नोट्स तिलाही व्हॉट्सॲपवर पाठवल्या, पण वाचल्याच जात नाहीत. सोमवारी चाचणी आहे. लवकर सांगा.

घुमट: फोन कुठला? टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, चालू आहे का?

बाबल: नोट्स तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, विषय संपला. माझ्या भाच्याची दहावी अशीच झाली.

मोगरा: बाबल, मला स्वतःला दिसत नाही म्हणून सांगते. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये 'बहुव्रीही' कुठे आलाय ते शोधता शोधता जीव जातो. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ ऐकून कळत नाही. मजकूर असला की एकेक अक्षर तपासता येतं.

बाबल: हातात काहीच नसण्यापेक्षा बरं ना!

सत्तरीकर: व्हिडिओंना सबटायटल द्या. ऐकू न येणाऱ्या मुलांना फार उपयोग होतो.

मोगरा: इथे प्रश्न दिसण्याचा आहे. बाई, फोन गप्प राहतो की काही बोलतो?

शारदा_डिचोली: अँड्रॉइड, टॉकबॅक चालू. मेसेज छान वाचतो. नोट्सची पहिली पानं 'टक्का, कंस, ए, यू' अशी बडबडतो, पुढे चिडीचूप.

घुमट: पहिली पानं श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेली आणि पुढची पुस्तकाचे फोटो?

शारदा_डिचोली: हो, शाळेच्या संगणकावर श्रीलिपीच आहे.

मोगरा: मग फोन ठीक आहे. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फोन तीच वाचतो. मूळ फाइल फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला कळणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत, आणा. फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा, मजकूर सुटा होईल. रफार, जोडाक्षरं तपासा. शीर्षकं नुसती ठळक करू नका, हेडिंग स्टाइल लावा, म्हणजे ती मुलगी एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकेल.

पणजीकर: २०१६चा दिव्यांग हक्क कायदा वाचा. ही शाळेची जबाबदारी आहे, एकट्या बाईंची नव्हे. मुख्याध्यापकांना लेखी द्या.

घुमट: द्यायलाच हवं. पण सोमवार त्याआधी येतोय.

शारदा_डिचोली: समासाचा तक्ता चित्रात आहे, त्याचं काय?

मोगरा: चित्राखाली सरळ लिहा: 'समासाचे मुख्य प्रकार चार: अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही.' प्रत्येकापुढे उदाहरण द्या. 'वरील तक्ता पाहा' असं लिहू नका.

शारदा_डिचोली: कन्व्हर्टरमध्ये टाकलं. बाकी जमलं, पण 'क्ष' सगळीकडून उडालाय.

मोगरा: श्रीलिपीत फॉन्ट बरेच आहेत. नावापुढे नंबर असतो, तो बघून इथे टाका.