घोडे कमी, भीती जास्त

वेस्टर्नमध्ये, म्हणजे अमेरिकी काउबॉय-चित्रपटात, भयपट मिसळायचा तर घोडे, गाव आणि पोशाखातच पैसे संपतात, असं म्हणतात. मग असाच मिश्र चित्रपट 'बोन टॉमहॉक' (२०१५) पुन्हा बघा. बजेट सुमारे १८ लाख डॉलर, शूटिंग २१ दिवसांत. गावासाठी कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट रँचचा तयार सेट. शिवाय कथेतच वाटेत घोडे चोरीला जातात आणि मंडळी पायी निघतात! पटकथा खर्च वाचवते ती अशी. पार्श्वसंगीतही नाममात्र, म्हणून त्यातल्या नरभक्षक गुहावासीयांची हाक थेट अंगावर येते.

खरी अडचण रात्रीची. उघड्या माळावर जनरेटर लावून उजेड करणं परवडत नाही. दिवसाच शूट करून रात्र भासवायची तर एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) दोनेक स्टॉप खाली (दर स्टॉपला उजेड निम्मा), व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) निळसर, सूर्य कलाकारांच्या पाठीमागे, आकाश शक्यतो फ्रेमबाहेर. शेकोटी मात्र अशा शॉटमध्ये नको. उन्हात ज्वाळा फिकट पडतात आणि सोंग उघडं पडतं. ते प्रसंग संधिप्रकाशात उरका.

आणि नकली रक्त: कॉर्न सिरपचं असेल तर त्यावर धूळ चिकटते, माश्या घोंगावतात. कपड्यांचे किमान दोन जोड ठेवा, नाहीतर दुसरा टेक विसरा.