हाताच्या एव्हीएममध्ये अल्कोहोल एम्बोलायझेशन: पहिल्या रात्री काय बघायचं?

वॉर्ड_रेसिडेंट: कोपराखालच्या एव्हीएममध्ये (धमन्या आणि शिरा थेट जोडल्या गेलेला रक्तवाहिन्यांचा गुंता) तो बंद करायला, म्हणजे एम्बोलायझेशनसाठी, अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल दिल्यावर पेशंट वॉर्डात येतो तेव्हा हात सुजलेला असतो, दुखतो आणि लघवी लालसर होते. यातलं किती अपेक्षित, आणि सीनियरला लगेच कधी उठवायचं? फीडर आर्टरीत (एव्हीएमला रक्त पुरवणाऱ्या धमनीत) कॉइल (रक्तवाहिनी बंद करणारी बारीक तार) टाकून का भागत नाही?

आयआर_कट्टा: सूज येतेच, ओसरायला एक-दोन आठवडे लागतात. खरी भीती कंपार्टमेंट सिंड्रोमची, म्हणजे स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याची. पेशंटची बोटं तुम्ही स्वतः हलकेच सरळ करून बघा. त्याने कळ असह्य होत असेल, पेनकिलरलाही दाद देत नसेल, तर फोन लावा. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती फार उशिरा जाते. पट्टी पूर्ण सोडा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. डायस्टोलिक बीपी आणि कंपार्टमेंटचा दाब यांतला फरक 30 एमएमएचजी किंवा त्याहून कमी असेल तर फॅशिओटॉमीचा (कप्प्याचं आवरण कापून दाब मोकळा करण्याचा) निर्णय लांबवू नये. प्रोसीजर ब्लॉकखाली (इंजेक्शनने हात बधिर करून) झाली असेल तर ही कळ झाकलेली राहते, म्हणून ब्लॉक कधी उतरणार हे विचारूनच पेशंट ताब्यात घ्या.

कातडी पांढरी पडली किंवा जांभळट झाली, तर पेनाने कडेने रेघ मारून वेळ लिहा. डाग रेघेबाहेर सरकला की कळवा. फोड फोडू नका.

लाल लघवी बहुधा अल्कोहोलने फुटलेल्या लाल पेशींची. सलाइन चालू ठेवा, लघवी तासाला किलोमागे किमान 1 मिली हवी, सकाळी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). एका बैठकीत एकूण अल्कोहोल किलोमागे 1 मिलीच्या पुढे नेत नाहीत. नोटमध्ये आकडा त्याच्या आसपास दिसला तर जास्त सावध राहा. अल्कोहोल फुप्फुसात पोचलं की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उजव्या हृदयावर एकदम ताण येतो. हे बहुतेक टेबलावरच, विशेषतः टूर्निके (हाताला आवळलेला पट्टा) सोडताना घडतं. तरी सॅच्युरेशन आणि बीपी एकदम उतरले तर आयसीयू.

कॉइलबद्दल: फीडर बंद केला तरी निडस (एव्हीएमचा मधला गुंता) जिवंतच राहतो. दाब कमी झाला की तो शेजारच्या धमन्यांमधून रक्त ओढतो, आणि पुढच्या वेळी कॅथेटर न्यायची वाटही तुम्हीच बुजवलेली असते. ही चूक निस्तरणं फार अवघड असतं. निडसचं रक्त एकाच मोठ्या शिरेत उतरत असेल तर त्या शिरेच्या बाजूने कॉइल टाकणं मात्र योग्य ठरतं.

कॅथलॅब_नर्स: अल्कोहोलऐवजी ग्लू (रक्तवाहिनी बंद करणारा चिकट द्रव) वापरणार असतील तर मायक्रोकॅथेटर (तो सोडायची बारीक नळी) 5% डेक्स्ट्रोजनेच फ्लश करा. सलाइनमधल्या आयनांनी ग्लू आतच घट्ट होतो. आणि हाताकडे बघताना मांडी विसरू नका. पंक्चर (कॅथेटर घालायचं छिद्र) जांघेत असेल, ड्रेसिंग कोरडं असेल, पण कंबर दुखतेय, पल्स वाढतोय, बीपी उतरतोय, तर रक्त पोटाच्या मागे साठत असू शकतं.