रायफलची पितळी पुंगळी किती वेळा भरली तर चालते? मुलासाठी विचारतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. यंत्रमागाचे सुटे भाग आणि पितळी बुश करतो, एकतीस वर्षं झाली. बंदुकीशी माझा कधी संबंध आला नाही, पण पितळ माझ्या हाताखालून रोज जातं. म्हणूनच झोप उडाली आहे.

मुलगा टेक्सासमध्ये असतो. तिथं त्याला शिकारीचा नाद लागला, हरणं आणि रानडुकरं, सगळं रीतसर परवाना काढून. .३०८ विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची) रायफल आहे. गेल्या वर्षापासून काडतुसंही तो घरीच भरतो, तिकडं ते कायदेशीर आहे. उडवलेल्या काडतुसाची पुंगळी आणायची, जळालेला प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढायचा, डायमध्ये दाबून मापात आणायची, मग नवा प्रायमर, मोजून दारू आणि वर नवी गोळी.

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यानं पन्नास पुंगळ्यांचा ट्रे दाखवला. म्हणाला, "अण्णा, ही सातवी वेळ." त्याच्या आईनं त्या चिंचेनं घासायला सांगितल्या म्हणून लखलखत होत्या. एक पुंगळी त्यानं कॅमेऱ्याजवळ धरली तेव्हा बुडाच्या जरा वर गोल फिरलेलं एक उजळ कडं दिसलं. विचारलं तर म्हणतो, "डाय घासल्याची खूण आहे, सगळ्यांनाच येते. लोक वीस वीस वेळा भरतात."

मंडळी, नळी ओढताना जिथं भिंत पातळ होऊन फाटायला येते तिथं अगदी असाच पट्टा उमटतो. मी तो शेकडो वेळा पाहिला आहे. मुलाला तसं सांगितलं तर तो "बंदुकीचं वेगळं असतं" म्हणाला. वेगळं असेलही, मला त्यातलं कळत नाही. म्हणून इथं विचारतो. पुंगळी किती वेळा वापरावी याचा काही ठरलेला आकडा आहे का? ते कडं कशाचं? आणि फाटलीच, तर त्याच्या तोंडाशी काय होईल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणी मऊ करून सांगू नका.

प्रतिसाद, निवृत्त आर्मरर (फौजेत हत्यारांची दुरुस्ती करणारा):
काका, फौजेत आम्ही पुंगळ्या पुन्हा भरत नाही. फायरिंग झालं की मोजून जमा. पण फाटलेल्या पुंगळ्या मी चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागातून, काढल्या आहेत. बूड एक्स्ट्रॅक्टरबरोबर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) बाहेर येतं आणि पुढची नळी आत चिकटून बसते. हे त्यातल्या त्यात नशिबाचं. नशीब नसेल तर तापलेला वायू बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणारा दांडा) फटीतून मागं येतो, आणि मागं डोळा असतो. मुलाला आधी विचारा, चष्मा लावतो का. बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद, डॅलसहून, बारा वर्षं स्वतः भरतो:
काका, तुमची नजर बरोबर आहे. सरसकट आकडा नसतो, म्हणून "वीस वेळा" हे उत्तरच चुकीचं. ज्याची वीस वेळा टिकते त्याच्या रायफलच्या चेंबरात ती ताणली जात नाही, एवढंच.

आत काय होतं ते तुम्हाला लगेच कळेल. .३०८ चा कमाल दाब ६२,००० पीएसआय ठरवलेला आहे. घरच्या कुकरचा दाब १५ पीएसआय धरला तर त्याच्या चार हजार पट. त्या दाबानं पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट धरते. जाड बूड मात्र मागं सरकून बोल्टवर आपटतं. ताण पडतो तो या दोघांच्या मध्ये, बुडाच्या जरा वर. नंतर डायमध्ये पुंगळीचा खांदा (जिथं ती निमुळती होऊन पुढची मान सुरू होते) जितका मागं दाबाल, तितकी पुढच्या वेळी ती पुन्हा ताणली जाते. मान लांबत जाते, आपण ती कापून २.०१५ इंचांच्या आत ठेवतो. कापून टाकलेलं ते पितळ खालच्या भिंतीतून आलेलं असतं.

डाय घासल्यानेही खूण उठते हे खरं, बाहेरून फरक कळत नाही. त्यासाठी एक तार घ्या, टोक काटकोनात वाकवून टोकदार करा, आत बुडापर्यंत सोडा आणि भिंतीला लावून हळू वर ओढा. खोबणीत अडकली तर पुंगळी बाद. शंका असेल तर एक उभी चिरून बघा.

माझं म्हणाल तर मी खांदा दोनच थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागं दाबतो, दारूचा भार मध्यम ठेवतो, तरी दहा वेळांनंतर सगळा लॉट भंगारात. .३०३ च्या जुन्या रायफलीत मात्र तिसऱ्या वेळेलाच बुडं सुटलेली पाहिली आहेत. ते काडतूस मागच्या कडेवर टेकतं आणि युद्धातल्या चिखलात अडकू नये म्हणून त्या रायफलींची चेंबरं ऐसपैस ठेवलेली असतात. प्रायमर अंगठ्यानं बसायला लागला तरी पुंगळी बाद, मग ती कितव्याही वेळेची असो.

प्रतिसाद, धातुशास्त्र शिकवतो:
पितळाबद्दल थोडं. हे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असलेलं पितळ. दर वेळी फुगून आणि दबून मान ताठ होत जाते आणि शेवटी उभी चिरते. तांबट भांडं ठोकताना मधूनमधून तापवून नरम करतो ना, तोच उपाय. पण फक्त मान आणि खांदा तापवायचा. बूड नरम झालं तर ते दाब सोसणार नाही, म्हणून लोक बूड पाण्यात उभं करून मान तापवतात. आणि खालची पातळ झालेली भिंत तापवून पुन्हा जाड होत नाही, हे मुलाला नक्की सांगा.

चिंच चालेल, पण रात्रभर बुडवून ठेवू नका. आम्लात जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी दिसायला लागतं. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र अजिबात नको. इंग्रजांच्या काळात आपल्याकडेच पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळात अडकलेला ताण, ही दोन्ही मिळून ते घडत होतं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी ते उलगडून दाखवलं.

प्रतिसाद:
वाचणाऱ्या इतरांसाठी: भारतात काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो. घरी करून बघायची गोष्ट नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री व्हिडिओ कॉलवर मुलाला हा धागा वाचायला लावला आणि त्याच्यासमोर बसून राहिलो. चष्मा लावत होता, पण "कधी कधी". आता कायम लावेन म्हणाला, आईची शपथ घेऊन.

ती पुंगळी त्यानं हॅकसॉनं उभी चिरली. आत खोबण होती, तिथली भिंत बाजूच्या निम्मी उरली होती. तारेनं बाकीच्या तपासल्या तर अकरा अडकल्या. मग त्यानं पन्नासच्या पन्नास हातोडीनं चेपल्या. ते बघून मी तिथं बोललो काहीच नाही, नंतर बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

कारणही सापडलं. डाय खाली टेकेपर्यंत फिरवायची असं कागदावर लिहिलेलं, त्यानं तसंच केलं. त्याच्या चेंबरात उडालेल्या पुंगळीच्या मानानं खांदा आठ थाऊ मागं जात होता.

आता नव्या पुंगळ्या घेतल्यावर हे माप दर वेळी घ्यायचं ठरलं आहे. .३०८ चा खांदा २० अंशांचा आणि तो ०.४०० इंच व्यासावर मोजतात असं त्यानं सांगितलं. म्हणजे बरोबर तेवढ्या भोकाची एक स्टीलची बुश खांद्यावर बसवून व्हर्नियरनं मोजता येईल. ती मी इथं लेथवर करून पाठवतो. डॅलसच्या भाऊंना एकच विचारायचं, भोकाची कड धारदार ठेवू की किंचित मोडू?

डॅलसहून:
किंचित मोडा काका, नाहीतर पितळावर चरा पडेल. व्यास एखादा थाऊ इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही, माप तुलनेचं आहे. उडालेली आणि डायमधून काढलेली, दोन्ही त्याच बुशनं मोजायची.