रोमानीत ‘पानी’, ‘कालो’, ‘चोर’: मग रोमा लोक महाराष्ट्रातून गेले का?

पाटीपेन्सिल:
युरोपातल्या रोमा लोकांच्या रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, काळ्याला ‘कालो’, नाकाला ‘नाख’ म्हणतात. चोर तर चोरच! एवढ्यावरून ते आपल्या भागातून गेले असं म्हणता येईल का? नसेल, तर शब्दांवरून मूळ शोधायचं कसं?

बाराखडी:
भारतातून गेले, हे नक्की. महाराष्ट्रातून मात्र नाही.

शब्द सारखा ऐकू आला म्हणून हुरळू नका. शब्द जिथे वेगळा आहे तिथे तो नेमाने वेगळा आहे का, ते बघा. घराला रोमानीत ‘खेर’, भावाला (भ्राता) ‘फ्राल’, धुराला (धूम) ‘थुव’. घ-भ-ध यांचे ख-फ-थ झाले, शब्दामागून शब्दात. असा नेम योगायोगाने जमत नाही. खरा पुरावा हा.

आता मराठी लावून पाहा. संस्कृत ‘मक्षिका’ची मराठीत ‘माशी’ झाली, हिंदीत ‘मक्खी’, रोमानीत ‘माख’. ‘क्ष’च्या बाबतीत रोमानी हिंदीच्या पंगतीला बसते. आणि तुमचं ‘पाणी’च घ्या: मराठीत ते नपुंसकलिंगी, रोमानीत पुल्लिंगी. रोमानीत नपुंसकलिंग उरलेलंच नाही. मराठी, कोकणी, गुजरातीने ते राखलं.

उंबरठा:
बाराखडी यांच्या मुद्द्याला पुस्ती. ‘त्रिन’ (तीन) मधला ‘त्र’ आणि ‘दांद’ (दात) मधला ‘न्त’चा ‘न्द’ या वायव्येकडच्या खुणा आहेत. त्यावरूनच भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये मांडलं की ही भाषा आधी मध्यदेशी (हिंदीच्या) गटातली, नंतर बराच काळ वायव्येला राहिलेली.

पुढची वाट उसन्या शब्दांत सापडते. आकडे मोजा: येख, दुइ, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथवर सगळं आपलं. पुढे एफ्ता, ओख्तो, एन्या: सात, आठ, नऊ थेट ग्रीक! रस्त्याला ‘द्रोम’ हाही ग्रीकच. घोड्याला ‘ग्रास्त’ हा आर्मेनियन. त्याआधीचा थर इराणी. म्हणजे इराण, आर्मेनिया, मग ग्रीक बोलणारा बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्याचा) मुलूख.

चालीरीतींवरून निष्कर्ष काढताना फार जपा. रोमांमधले विटाळाचे नियम बघून अनेकजण लगेच जातिव्यवस्थेशी नातं जोडतात. पण त्यासाठीचा ‘महरिमे’ हा शब्द ग्रीकमधून आलेला मानतात. शब्द ग्रीक म्हणून चालही ग्रीकच, असं नाही. पण नुसतं साम्य पुरावा म्हणून टिकत नाही.

पाटीपेन्सिल:
दुसऱ्या एखाद्या बोलीवर हे करून बघायचं तर सुरुवात कुठून?

बाराखडी:
भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वदेश यांची १०० किंवा २०७ मूलभूत शब्दांची यादी घ्या: अवयव, सर्वनामं, पाणी, आग, छोटे आकडे. हे शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत. (सहसाच! ‘एफ्ता’ वर आहेच.) आई-बाबा-मामा असले बाळबोलीतले शब्द आणि आवाजावरून पडलेली नावं वगळा; ती जगभर सारखी निघतात. उच्चार ध्वनिमुद्रित करा आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवा. नुसत्या देवनागरीत ‘च’ लिहिलात की ‘चार’मधला आणि ‘चमचा’मधला च एकच दिसतो, आणि नेमका तिथेच नेम हातचा जातो.

प्रत्येक ध्वनिबदलाला निदान चार-पाच जोड्या सापडेपर्यंत थांबा. आणि तुलना आजच्या मराठीशी करू नका, संस्कृत रूपाशी करा. नाहीतर ‘त्रिन’ समोर ‘तीन’ ठेवाल आणि जुनं रूप कोणी राखलंय तेच उलटं वाचाल.