साताऱ्याच्या पानगळीत रंग नाहीत म्हणे!

शाहूपुरीकर

काल आपल्या या छायाचित्रण गटातील एका सन्माननीय सदस्यांनी श्रीनगरच्या नसीम बागेतील चिनारांचे फोटो टाकले. फोटो देखणे आहेत, त्याबद्दल दुमत नाही. त्याखाली मात्र त्यांनी असे लिहिले की आपल्याकडची पानगळ म्हणजे धुळीने माखलेली तपकिरी पाने, साताऱ्याच्या लाल पानांचे जे फोटो फिरतात ते सगळे संगणकावर रंगवलेले, आणि खरा रंग हवा असेल त्याने सरळ काश्मीरचे तिकीट काढावे. हे वाचून गप्प बसवेना.

चिनार ऑक्टोबरअखेर रंगू लागतो, म्हणून हे गृहस्थ यवतेश्वराचा घाटही ऑक्टोबरातच चढले असणार. त्या वेळी आपल्या जमिनीत पावसाची ओल शिल्लक असते. झाडांनी पाने टाकावीत तरी कशासाठी? आपली झाडे मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे पाने गाळतात, त्यामुळे आपली पानगळ माघ-फाल्गुनात भरात येते. तेव्हा शहरातल्या एखाद्या शाळेच्या आवारातले देशी बदामाचे झाड जवळून पाहावे. एकाच पानावर शिरांलगत उरलेला हिरवा, मधला पिवळा आणि कडेचा डाळिंबी असे रंग असतात आणि किड्यांनी पाडलेल्या भोकांना तपकिरी किनार असते. ऊन पानाच्या मागून येईल असे उभे राहावे, उजेड केवळ पानावरून मोजावा, म्हणजे मागची सावली काळी पडते आणि पान आतून उजळल्यासारखे दिसते. समोरून ऊन असेल तर पानाच्या चकाकीनेच रंग मरतो. तेथे पोलरायझर, म्हणजे भिंगापुढची चकाकी कापणारी काच, फिरवावा. कोयनेच्या खोऱ्यातला कोशिंब तर त्या दिवसांत असा लालभडक होतो की रंगवायला वावच उरत नाही.

चिनारप्रेमी

शाहूपुरीकर साहेब, माझ्या प्रवासाचा महिना आपण परस्पर ठरवून टाकलात, आभारी आहे. कोशिंबाचे नाव घेऊन आपण माझेच म्हणणे सिद्ध केले आहे. कोशिंबाची ती लाल पाने गळणारी नसतात, ती नुकती फुटलेली पालवी असते. गळणाऱ्या पानातले हरितद्रव्य मोडते तेव्हा आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि काही जातींत अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य नव्याने तयार होते. कोशिंबात हेच द्रव्य कोवळ्या पानात आधी दिसते आणि हिरवा रंग मागाहून चढतो. पालवीचा फोटो काढून त्याखाली ‘सह्याद्रीतील पानगळ’ असे लिहिणे ही संगणकावर रंगवण्याइतकीच फसवणूक आहे. राहता राहिला आपला बदाम. तो तर समुद्रकाठचा, आपल्या आवारात हौसेने आणून लावलेला. त्याच्या जोरावर जिल्ह्याची पानगळ उभी करायची?

माणदेशी

नसीम बागही मोगलांनीच लावलेली आहे. चिनार तेथे आपोआप रांगेत उगवले नाहीत. परंतु माझी तक्रार आपणा दोघांविषयी आहे. सातारा म्हटले की कास, कोयना आणि महाबळेश्वर, याच्या पलीकडे कोणाचा कॅमेरा वळतच नाही. दहिवडी-म्हसवडच्या रस्त्याने फेब्रुवारीत एकदा यावे. लिंबाची पिवळी पाने वाऱ्याच्या झोतासरशी गळतात आणि पुढे त्याच फांदीच्या टोकाला तांबूस पालवी दिसते. एका चौकटीत दोन्ही मिळाल्यावर पालवी की पानगळ हा वाद घालायला जागाच राहत नाही. अर्थात आमच्याकडे धबधबे नाहीत, म्हणून पर्यटकही नाहीत.

मिरजकर

मुद्दा रंगवण्याचा आहे, त्यावर बोलावे. काही वर्षांपूर्वी एका छायाचित्र स्पर्धेत पिंपळाच्या पालवीच्या फोटोला पहिले पारितोषिक मिळाले. त्या पानाचा रंग इतका चढवलेला होता की एकही शीर दिसत नव्हती. लाल कागद कातरून चिकटवल्यासारखे पान होते. मी परीक्षकांना मूळ रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, मागवण्याची विनंती केली, तर ‘कलेत ढवळाढवळ नको’ असे उत्तर मिळाले. माझी प्रवेशिका त्याच स्पर्धेत होती, हे कोणीतरी उकरून काढण्याआधी मीच सांगतो. तेव्हापासून लाल पानाचा कोणताही फोटो मी खरा मानत नाही. शाहूपुरीकरांनी कोशिंबाच्या फोटोची रॉ फाईल येथे द्यावी.

शाहूपुरीकर

मिरजकर, रॉ फाईल म्हणजे पंचनामा नव्हे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या दर चार बिंदूंपैकी दोन हिरव्याचे, एक लालचा आणि एक निळ्याचा असतो. त्यातून रंग बांधावा लागतो आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडात पांढरे कशाला म्हणायचे ते, कोणाला तरी ठरवावेच लागते. तो ऑटोवर ठेवला की सगळी चौकट तांबूस-पिवळ्या पानांनी भरलेली पाहून कॅमेऱ्याला वाटते, उजेडच पिवळा आहे, आणि तो ऊब काढून घेतो. म्हणजे येथे खोटे बोलतो तो कॅमेरा. मी तो डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या सुमारे ५५०० केल्विन या मापावर ठेवतो आणि तेथून हलवत नाही.

त्या पारितोषिकविजेत्या पानाच्या शिरा संगणकानेच पुसल्या असतील असेही नाही. उन्हातले लाल पान टिपताना एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, निर्दोष दिसतो, पण एकटी लाल वाहिनी २५५ ला, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन टेकलेली असते आणि तेथला तपशील गेलेला असतो. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहावेत आणि एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, दोन-तृतीयांश स्टॉपने उतरवावे. परीक्षकांवर राग धरण्यापूर्वी एवढे तपासायला हवे होते.

मिरजकर

म्हणजे दोष माझाच! ज्यांनी भडक रंगांचे व्हिव्हिड प्रोफाइल लावून वर सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाच्या गडदपणाचा, स्लायडर टोकाला नेला, ते कलावंत, आणि फाईल मागणारा अडाणी. आपण व्याख्यान दिलेत, फाईल दिली नाहीत, याची नोंद घेतली आहे.

जुना रोलवाला

आपल्या वादात एक गोष्ट राहून गेली. फुजीची वेल्व्हिया फिल्म १९९० साली आली आणि तिने साधी हिरवळही पाचूसारखी दिसायची. निसर्गछायाचित्रकारांनी ती त्या भडक रंगांसाठीच डोक्यावर घेतली, तेव्हा कोणी कोणाकडे मूळ फाईल मागितली नाही. त्या काळी भडकपणा डबीत भरून विकत मिळत होता, आज तो स्लायडरने मिळतो, एवढाच फरक.

परळीकर

स्लायडर, फिल्म आणि केल्विन यांतून वेळ मिळाल्यास डोंगराकडेही पाहावे. सज्जनगडाच्या परिसरात ज्या उतारावर मी पाचोळ्याचे फोटो काढायला जातो, तेथे अनेकदा माझ्याआधी वणवा पोहोचलेला असतो. पुढच्या पावसात गवत चांगले येते, या समजुतीने काडी लावली जाते आणि त्यात रोपेही जातात. काळ्या राखेला कोणता व्हाइट बॅलन्स लावायचा, ते जाणकारांनी सांगावे.

चिनारप्रेमी

परळीकरांचे म्हणणे रास्त आहे, आणि वणवा हा कोणत्याही स्लायडरपेक्षा मोठा प्रश्न आहे, हे मी निमूटपणे मान्य करतो. माणदेशी ताईंच्या लिंबाविषयी माझी काहीच तक्रार नाही. मी लाल रंगावर बोललो होतो, लिंब पिवळा आहे. शाहूपुरीकरांचा बदाम रंगतो, हेही मानले, कारण तो न रंगल्यास त्यांच्याकडे दाखवण्यासारखे दुसरे काही उरत नाही. फाल्गुनात येतो. घाटात गाडी कोठे लावायची तेवढे सांगावे. मागच्या खेपेस वळणावर फोटोसाठी थांबलेल्या चार गाड्यांमुळे एस.टी. अडली होती आणि चालकाने आम्हा सर्वांना ऐकवलेले अजून लक्षात आहे. मात्र कोशिंबाच्या फोटोखाली ‘पालवी’ असेच लिहावे, त्यात तडजोड नाही.

शाहूपुरीकर

‘पालवी’ लिहीन, परंतु पुढे ‘जुनी पाने गेल्यावर आलेली’ असेही जोडीन. गाडी घाटमाथ्यावर लावून खाली चालत यावे. मिरजकर, फाईल देतो. ती उघडल्याबरोबर फिकट दिसेल. तेव्हा ‘पाहा, रंग नव्हताच’ असे म्हणण्यापूर्वी ती कोणत्या व्हाइट बॅलन्सवर उघडणार, ते आधी लिहून द्यावे.

मिरजकर

ऑटोवर.