जपानवाले देवमासा मारतात ती परंपरा, आणि आमच्या गावात डुक्कर मारलं की केस?

भातवाला_खानापूर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

माझा पुतण्या दोन वर्षं झाली जपानला वेल्डिंगच्या कामाला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होता, काका, साहेबानं जेवायला नेलं, ताटात लालभडक मांस आलं, विचारलं तर 'कुजिरा' म्हणे, म्हणजे देवमासा. ह्यानं पोट बिघडलंय म्हणून टाळलं. आता पुढच्या महिन्यात परत बोलावलंय आणि मला विचारतोय खाऊ की नको. मी म्हटलं अरे त्याच्यावर जगभर बंदी आहे ना, तर म्हणतो इथं दुकानात उघड मिळतं.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. आमचं शेत जांबोटीच्या बाजूला. भात कापणीला आलं की रानडुकरं एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातात, गवे तर कुंपण मानतच नाहीत. माळ्यावर बसून रात्रभर डबे बडवायचे, फटाके लावायचे, सकाळी परत कामाला. नुकसानीचा अर्ज दिला, फोटो द्या, उतारा द्या, परत फोटो द्या, शेवटी आले ते पैसे बियाण्याला पण पुरले नाहीत. वडील होते तोवर शिमग्यात अख्खं गाव हाकाऱ्याला जायचं, डुक्कर पडलं की घराघरात वाटा, ज्याचा बार त्याला मुंडी, कुत्र्यांचा पण वाटा निघायचा. आता तसं केलं तर सरळ जेल, वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आहे. कायद्याला माझा विरोध नाही, जंगल राहिलंच पाहिजे. पण मग त्या श्रीमंत देशांनी देवमासे मारायचे आणि परंपरा म्हणायचं, आमची परंपरा मात्र गुन्हा, हे कसं काय? आणि मुळात चूक कशात आहे, मारण्यात की बंदी मोडण्यात? खरंच विचारतोय, भांडण नको.

टिळकवाडीकर
चिकन खाणाऱ्यांनी व्हेलवर बोलू नये. विषय संपला.

निपाणी_तंबाखू
संपला कसा, आत्ता कुठं सुरू झाला.

भातवाले, आधी एक गैरसमज काढा. 'बंदी मोडतात' असं सरसकट म्हणता येत नाही आणि गंमत तिथंच आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग म्हणून एक संस्था आहे, १९४६ च्या करारातून निघालेली. मुळात ती व्हेल वाचवायला कमी आणि धंदा टिकवायला जास्त काढलेली. तिनं १९८२ ला धंद्यासाठीच्या शिकारीवर स्थगिती ठरवली, १९८६ पासून ती लागू झाली. पण करारातच सोय अशी की ठराविक मुदतीत आक्षेप नोंदवला की तो ठराव त्या देशाला लागूच होत नाही. नॉर्वेनं आक्षेप नोंदवला आणि १९९३ पासून राजरोस शिकार चालू केली. आइसलँड १९९२ ला आयोगातून बाहेर पडला, २००२ ला अट घालून परत आत आला. जपाननं तर कहरच केला, 'संशोधन' म्हणून अंटार्क्टिकात जाऊन शेकड्यानं मारायचे आणि संशोधन झालं की मांस बाजारात. ऑस्ट्रेलियानं कोर्टात खेचलं, २०१४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगितलं की हा कार्यक्रम संशोधनासाठी म्हणता येत नाही. शेवटी २०१९ ला जपान आयोगच सोडून गेला आणि १ जुलैपासून स्वतःच्या समुद्रात उघड धंदा सुरू.

म्हणजे कागदावर चोर कुणीच नाही. ज्यांनी खरी चोरी केली ते सोव्हिएत युनियनवाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मारलेल्यातले पावणेदोन लाखाच्या वर व्हेल आयोगाला कळवलेच नाहीत, खोटे आकडे देत राहिले.

(आणि आयोगाचा निकाल मान्य नाही म्हणून बसणं हे आपल्या बेळगावकरांना शिकवायला नको. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्र २००४ पासून सुप्रीम कोर्टात. आपण पण आक्षेपवालेच.)

शहापूर_माग
काय बोलूलालास गा, सीमाप्रश्नात देवमासा कुठनं आणलास 😂 आपला समुद्र म्हणजे कॅम्पातला मासळी बाजार.

मास्तरीण_चिकोडी
मी विज्ञान शिकवते त्यामुळे थोडं लांबणार.

पहिलं म्हणजे 'व्हेल' हा एक प्राणी नाही. विसाव्या शतकात माणसानं जवळपास २९ लाख मोठे व्हेल मारले. अंटार्क्टिकातला निळा देवमासा १ टक्क्याच्या पण खाली गेला होता, अजून सावरला नाही. पण नॉर्वेवाले मारतात तो मिंक व्हेल छोटा असतो, तिकडं त्यांची संख्या भरपूर आहे, संपायची भीती नाही. जपान मात्र से व्हेल पण मारतो, जो धोक्यात आहे, आणि २०२४ पासून फिन व्हेल पण यादीत घेतलाय. त्यामुळे 'संपतील म्हणून मारू नका' हे एका जातीला लागू होतं, दुसरीला नाही.

दुसरं तुमच्यासाठी, भातवाले. अलास्कात इनुपियात लोक आहेत, बर्फातले. त्यांचं जगणंच बोहेड व्हेलवर. १९७७ ला आयोगानं त्यांची शिकार बंद केली, कारण शास्त्रज्ञांच्या मोजणीत व्हेल फारच थोडे निघाले. शिकारी म्हणाले मोजणी चुकलीय, व्हेल बर्फाखालून पण जातात, तुम्ही काठावर बसून दिसतात तेवढेच मोजता. त्याच वर्षी त्यांनी स्वतःची संघटना काढली, कोटा मान्य केला, पण मोजणी नीट करा म्हणून हट्ट धरला. मग पाण्यात मायक्रोफोन सोडून आवाजावरून मोजणी झाली आणि आकडा पुष्कळ वर गेला. शिकारी बरोबर होते! आज त्यांना ठरवून दिलेला कोटा आहे, मांस गावात वाटलं जातं. तुमच्या त्या वाट्यासारखंच.

त्यामुळे मला वाटतं बंदी हवी की नको ह्याच्या आधी 'मोजतो कोण' हे विचारावं. आणि 'खातो कोण'.

भातवाला_खानापूर
मॅडम हे एकदम पटलं. आमच्याकडे पण डुकरं किती आहेत हे माळ्यावर बसणाऱ्याला विचारायला कुणी येत नाही. मग इनुपियातला कोटा आणि आम्हाला का नको?

मास्तरीण_चिकोडी
कारण तुम्हाला डुक्कर नको आहे, भात हवाय. रागावू नका. त्यांचा प्रश्न अन्नाचा, तुमचा नुकसानीचा. तुम्हाला वेळेवर पुरेसे पैसे आणि नीट कुंपण मिळालं तर शिमग्याचा हाकारा किती जणांना आठवेल?

भातवाला_खानापूर
आठवेल हो. मला तरी आठवेल. पण मुद्दा कळला.

कारवारची_सून
माहेर कारवार, घरात होड्या. आमच्याकडे देवमासा काठाला लागला तर म्हातारी माणसं आधी हात जोडायची, मासा म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. ते राहू दे.

सगळे आकडे सांगताय पण मरतो कसा ते कुणीच बोललं नाही. भाल्याच्या टोकाला स्फोटक असतं, ते आत जाऊन फुटतं. नीट लागलं तर लगेच मरतो. आइसलँडच्या सरकारी तपासणीतच निघालं की बरेच व्हेल लगेच मरत नाहीत, एकाला तर दोन तास लागले. त्यावरून २०२३ च्या जूनमध्ये त्यांनी दोनेक महिने शिकार थांबवली होती. हलत्या बोटीवरून हलत्या जनावरावर मारणार, नेम किती लागणार? डुकराला बार चुकला तर तुम्ही माग काढत जाता, तिथं समुद्रात कुठं जाणार. माझ्यासाठी तरी प्रश्न इथंच मिटतो, संख्या भरपूर असली तरी.

टिळकवाडीकर, तुमचं चिकनचं पण बरोबरच आहे. पण एक चूक चालू आहे म्हणून दुसरीवर बोलायचं नाही, मग बोलायचं कुणी?

टिळकवाडीकर
बरं बाई, मी शाकाहारी आहे, मी बोलतो मग. परंपरा म्हणतात ती किती जुनी? जपानच्या काही गावांत शेकडो वर्षांची असेल, पण अंटार्क्टिकात फॅक्टरी जहाज, म्हणजे व्हेल कापायचा कारखानाच असलेलं जहाज, नेणं ही कसली परंपरा? देशभर सगळ्यांच्या ताटात व्हेल आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, उपासमार होती म्हणून, शाळेच्या जेवणात पण द्यायचे. १९६२ च्या सुमाराला वर्षाला दोन लाख टनाच्या वर खात होते, आता दोनेक हजार टन. सरकार पैसे घालून धंदा जिवंत ठेवतंय.

निपाणी_तंबाखू
टिळकवाडीकर, विषय संपला होता ना? 😄

भातवाला_खानापूर
काल पुतण्याशी बोललो, तुमचं सगळं वाचून दाखवलं. शाळेच्या जेवणाचं ऐकून तो हसलाच. म्हणाला काका, साहेब पासष्टीचा आहे, त्या दिवशी तेच सांगत होता, लहानपणी शाळेत हेच मिळायचं, तेव्हा आवडायचं नाही, आता आठवण म्हणून खातो. टेबलावरच्या बाकीच्या जपानी पोरांनी पण ताट नुसतं इकडून तिकडं सरकवलं, म्हणजे पोट बिघडलेला हा एकटाच नव्हता.

पुढच्या महिन्यात तो जाणार आहे. खाणार नाही म्हणतोय, पण साहेबाला कारण काय सांगायचं ते ठरलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला नको कसं म्हणायचं ते कुणाला माहीत असेल तर लिहा. मी माळ्यावर चाललोय, रात्री रेंज नसते, सकाळी वाचतो.